माल आणि दगड : मॉयलच्या खाणींचा सव्वाशे वर्षांचा वृत्तान्त

खदानीवरचा सगळा व्यवहार दोन शब्दांवर चालतो. एक ‘माल’ आणि दुसरा ‘दगड’. ज्यात मँगनीज पुरेसे आहे तो माल. तो वर येतो, फोडला जातो, धुतला जातो आणि वॅगनमध्ये चढतो. ज्यात ते पुरेसे नाही तो दगड. तो ढिगावर ओतला जातो. नवा कामगार रुजू झाला की त्याला आधी ही पारख शिकवतात, बाकीचे सगळे मागाहून.

आपल्या संस्थेचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा सनावळी हाताशी होती, उत्पादनाचे आकडेही होते. पण जुने नकाशे, जुने ढीग आणि आजचे संयंत्र एकापाठोपाठ पाहिले की या सव्वाशे वर्षांतून एकच धागा जाताना दिसतो. मालात मँगनीज ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे दर पिढीने नव्याने ठरवले. कुणी भूगर्भाचा नकाशा नीट काढला, कुणी छताला आधार देण्याची चांगली रीत शोधली, कुणी पाण्याच्या हेलकाव्यावर खनिज निवडले, आणि प्रत्येक वेळी काल टाकलेल्या दगडातला काही भाग आज माल झाला. हा वृत्तान्त त्या सरकत्या रेषेचा आहे.

काळा पट्टा

नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याने निघाले की मनसरला रामटेकचा फाटा लागतो. तिथे वाकाटककालीन अवशेषांची टेकडी आहे आणि तिच्या शेजारीच मँगनीजची खाण. याच गावाच्या नावाने भूशास्त्रज्ञ आपल्या पट्ट्यातल्या सर्वांत महत्त्वाच्या खडकसमूहाला ‘मनसर फॉर्मेशन’ म्हणतात. मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यापासून नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतून बालाघाटपर्यंत सुमारे २०० किलोमीटरचा हा पट्टा धनुष्यासारखा वाकला आहे. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी मँगनीजयुक्त गाळ साचला. पुढे तो दाबला गेला, भाजला गेला, त्याला घड्यांवर घड्या पडल्या. त्या गाळाचे आजचे रूप म्हणजे आपले खनिज. त्यात मुख्य ब्राउनाइट, सोबतीला पायरोल्युसाइट, सायलोमेलेन, हॉलंडाइट, बिक्सबाइट.

या खडकांचा पहिला सविस्तर अभ्यास केला तो भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या एल. एल. फर्मोर यांनी. भारतातल्या मँगनीजवरचा त्यांचा ग्रंथराज १९०९ मध्ये सर्वेक्षणाच्या ३७ व्या खंडाच्या रूपाने प्रसिद्ध झाला. क्वार्ट्झ आणि मँगनीजयुक्त गार्नेट यांचा जो खडक आपल्या खनिजाला चिकटून सापडतो, त्याला फर्मोर यांनी या डोंगरांत राहणाऱ्या गोंड समाजावरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आजही हाच शब्द चालतो. आपल्या खाणी ज्यांच्या हातांनी उघडल्या त्यांचे नाव या मार्गाने शास्त्रात कायमचे कोरले गेले, याचा अभिमान आपल्या प्रत्येक कामगार वसाहतीला असायला हवा.

सिंडिकेट ते सार्वजनिक कंपनी

संस्थेचे मूळ १८९६ मध्ये आहे. त्या वर्षी ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाले. पुढे त्याचे रूपांतर ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’त झाले. आपल्या भागात तिला आजही जुनी माणसे ‘सीपीएमओ’ म्हणतात. कंपनी नोंदलेली इंग्लंडमध्ये, माल जाणार समुद्रापार, आणि डोंगर आपला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रशिया-जपान युद्धाने आणि त्यानंतरच्या रशियातल्या उलथापालथीने कॉकेशसमधल्या मँगनीजचा पुरवठा डळमळला. युरोपच्या पोलाद भट्ट्यांना दुसरा पुरवठादार हवा होता. भारत त्या काळात जगातल्या आघाडीच्या मँगनीज उत्पादकांत गेला आणि त्यात मध्य प्रांताचा वाटा मोठा होता. तुमसर रोडहून तिरोडीपर्यंतचा रेल्वेचा फाटा आजही डोंगरी बुजुर्गवरून जातो. त्या रुळांकडे पाहिले की हा प्रदेश जगाच्या बाजाराशी कसा जोडला गेला ते ध्यानात येते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली आणि मँगनीजची गरज घराजवळ निर्माण झाली. पोलाद करताना वितळलेल्या लोखंडातला प्राणवायू काढायला मँगनीज लागते. गंधकाला बांधून ठेवायलाही तेच लागते, नाहीतर तापलेले पोलाद लाटताना तडकते. मँगनीजशिवाय पोलाद नाही, हे कळणाऱ्या देशाने हे खनिज परक्या कंपनीच्या हाती राहू देणे शक्य नव्हते. भारत सरकार आणि सीपीएमओ यांच्यात करार झाला आणि २२ जून १९६२ रोजी ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’ नागपुरात नोंदली गेली. ५१ टक्के भांडवल केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचे, ४९ टक्के जुन्या कंपनीचे. १९७७ मध्ये हे ४९ टक्केही घेतले गेले आणि कंपनी पूर्णपणे सरकारी झाली, पोलाद मंत्रालयाच्या अखत्यारीत आली. २०१० मध्ये तिचे नाव ‘मॉयल लिमिटेड’ झाले आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला तिचे समभाग बाजारात नोंदले गेले.

महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातल्या मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव आणि भंडारा जिल्ह्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्ग. मध्य प्रदेशात बालाघाट जिल्ह्यातल्या भरवेलीची बालाघाट खाण, उकवा, तिरोडी आणि सीतापातोर. ही दहा नावे आपल्या घरातल्या माणसांच्या नावांसारखी आहेत. पाळी सुटते तेव्हा या खाणींच्या फाटकांवर नागपुरी, झाडीबोली, पोवारी, गोंडी आणि हिंदी एकाच वेळी कानावर पडतात.

हाताचा तराजू

पहिली अनेक दशके शुद्धीकरणाचे यंत्र एकच होते, माणसाचा हात. डोंगराच्या अंगावरून माल उघड्यावर तोडला जाई. खाली बसलेल्या बाया हातोडीने ढेकळे फोडत आणि तुकडा तुकडा पारखत. ही पारख डोळ्यांची होती तितकीच तळहाताची होती. ब्राउनाइटची घनता सुमारे ४.७५, गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची, २.६५. एकाच मापाचे दोन तुकडे घेतले आणि गारगोटीचा अर्धा किलो भरला, तर ब्राउनाइटचा नऊशे ग्रॅमच्या आसपास भरतो. अर्धा माल, अर्धा दगड असा तुकडा या दोन वजनांच्या मध्ये कुठेतरी बसतो. सरावलेली बाई तुकडा नुसता तळहातावर तोलून तो ठेवायचा, फेकायचा की आणखी एकदा फोडायचा हे ठरवत असे. या निर्णयाला क्षणभराहून जास्त वेळ लागत नसे आणि असे हजारो निर्णय दिवसभरात होत.

आजच्या भाषेत बोलायचे तर तिथे घनतेवर आधारित वर्गीकरण चालू होते आणि ते करणाऱ्या बहुसंख्य बायांना अक्षरओळख नव्हती. आपल्या संस्थेतल्या खनिज प्रक्रियेचा पाया या बायांनी घातला. त्यांची नावे कुठल्याही अहवालात नाहीत, म्हणून या स्मरणिकेत तरी त्यांचे ऋण शब्दांत मान्य केले पाहिजे.

या पद्धतीची एक मर्यादा होती. हाताने वेचता येतो तो मोठा तुकडा. सुपारीहून बारीक झालेला माल वेचणे परवडत नसे, म्हणून तो दगडाबरोबर ढिगावर जाई. जो माल थोडा हलका, गारगोटीने भरलेला, तोही जाई. अशा रीतीने खाणींच्या कडेला ढीग वाढत गेले. ते ढीग टाकणाऱ्यांच्या लेखी दगड होते. पुढच्या पिढ्यांना त्यांतच पुन्हा हात घालावा लागणार होता.

नकाशाने दाखवलेली वाट

डोंगराच्या अंगावरचा माल कधीतरी संपणारच होता. खाली जायचे तर खाली काय आहे हे कळायला हवे. या प्रश्नाचे उत्तर १९५० च्या दशकात आणि त्यानंतर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने केलेल्या बारकाईच्या नकाशांतून मिळाले. एस. नारायणस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मध्य प्रदेश-महाराष्ट्र मँगनीज पट्ट्यावरचे काम १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. खनिज इथे विखुरलेल्या गाठींच्या रूपात नाही, ते ठरावीक थरांत आहे आणि ते थर घड्यांबरोबर वळतात, हे त्यातून स्पष्ट झाले. कागदाची घडी घालावी तसे हे आहे. वरचे टोक दिसले की त्या घडीचे पोट खाली असणारच. म्हणजे वर दिसणारी काळी कड खोल जाते, कुठे वळते आणि कुठे जाड होते, याचा अंदाज बांधता येऊ लागला. भोके पाडून काढलेल्या गाभ्यांनी तो अंदाज तपासला जाऊ लागला.

बोअरहोलचा गाभा हातात घेतला की एक गोष्ट लक्षात येते. बांगडीइतक्याच घेराच्या त्या दगडी कांडीत दोन-चार मीटरचा काळा पट्टा दिसला, की त्या एका कांडीवर कित्येक वर्षांच्या खर्चाचा निर्णय उभा राहतो. आपल्या बहुतेक मोठ्या खाणी जमिनीखाली गेल्या त्या अशा कांड्यांच्या भरवशावर.

वाळूचा पलंग, दगडाचे छत

खाणीत माणसे उतरवणारा पिंजरा, म्हणजे केज, खाली सुटला की उजेड माथ्याशी आक्रसत जातो आणि कानात दडे बसतात. लेव्हलला, म्हणजे खाणीच्या मजल्यावर, उतरून क्रॉसकटच्या आडव्या बोगद्याने चालत गेले की हवा गार व ओली लागते. बालाघाटची खाण आज आशियातल्या सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत गणली जाते. या खोलीवरचे गणित सोपे आहे आणि ते भीतीही घालते. दर मीटर खोलीला वरच्या खडकाचा भार चौरस सेंटिमीटरमागे सुमारे पाव किलोने वाढतो. ४०० मीटरवर तो शंभर किलोंच्या पुढे जातो. तळहाताएवढ्या जागेवर कित्येक टनांचा भार. खनिज काढून जिथे पोकळी होते तिथे हा भार बाजूच्या भिंतींवर सरकतो.

आपल्या खाणींत या भाराशी जुळवून घेण्याची मुख्य रीत ‘कट अँड फिल’ आहे. घर बांधताना जसे खालून वर जातात तसे इथे काम खालून वर चालते. माणसाच्या उंचीपेक्षा थोडी जास्त अशी मालाची एक आडवी चीप काढायची. मग त्या पोकळीत वाळू भरायची आणि त्या वाळूवर उभे राहून वरची चीप काढायची. खाली वाळूचा पलंग, वर दगडाचे छत, मधल्या थोड्याशा जागेत माणसे. पोकळी कधीच मोठी होऊ द्यायची नाही, हे या पद्धतीचे तत्त्व आहे.

वाळू भरण्याची रीत पाहण्यासारखी असते. जमिनीवर वाळू पाण्यात कालवतात आणि ती पाइपातून आपल्याच वजनाने खाली धावते. स्टोपच्या, म्हणजे माल काढलेल्या पोकळीच्या, तोंडाशी लाकडाचा बांध घालून त्याला बारदान लावलेले असते. पाणी बारदानातून झिरपून निघून जाते आणि वाळू मागे राहते. पाणी किती वेगाने निचरले पाहिजे याचा ठोकताळा तासाला १० सेंटिमीटरचा आहे. त्याहून संथ झाले तर भरण चिखलासारखे राहते, त्याच्यावर पाय ठरत नाही आणि बांधावर दाब येतो. म्हणून वाळूत बारीक माती किती आहे हे आधी प्रयोगशाळेत तपासावे लागते. मूठभर मातीवरून एका पाळीची सुरक्षितता ठरते, ती अशी.

नदीची वाळू ही काही न संपणारी वस्तू नाही. वैनगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. खाणीतलाच दगड ठरावीक मापात दळून भरणासाठी वापरणे, प्रक्रियेतून उरलेली बारीक रेती वापरणे, औष्णिक केंद्रांची राख मिसळणे या दिशेने खाण उद्योगात संशोधन चालू आहे. त्यातल्या प्रत्येक पर्यायाची कसोटी एकच, निचरा आणि बळ. इथेही रेषा सरकते आहे. ढिगावर जाणारा दगड छताला धरून ठेवायच्या कामी आला, तर त्याला निव्वळ दगड म्हणता येणार नाही.

छताचा आधार हा भूमिगत खाणकामाचा दुसरा मोठा विषय. पूर्वी सालाच्या जाड लाकडांचे टेकू आणि चौकटी असत. लाकूड आवाज करते, कुरकुरते, आणि जुने मेट, म्हणजे टोळीचे मुकादम, त्या आवाजावरून छताचा स्वभाव ओळखत. पण लाकूड छत खाली येऊ लागल्यावर त्याला थोपवते. रूफ बोल्ट आणि केबल बोल्ट यांनी विचारच बदलला. छतात भोक पाडून त्यात लोखंडी सळई किंवा पोलादी दोर सिमेंटने बसवला, की थरावर थर शिवल्यासारखा होतो आणि खडक स्वतःलाच तोलून धरतो. कुठे, किती लांबीचे, किती अंतरावर बोल्ट बसवायचे हे ठरवायला खडकाची प्रत मोजावी लागते. १९७० च्या दशकात बिएनियावस्की यांनी शंभर गुणांची आणि बार्टन यांनी ‘क्यू’ नावाची गणना मांडली. भेगांमधले अंतर, त्यांचा खडबडीतपणा, पाणी, खडकाचे बळ यांचे गुण मांडून छताला गुणपत्रिका देता येऊ लागली. धनबादची केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्था, कोलार येथे १९८८ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय खडक यांत्रिकी संस्था आणि नागपुरातल्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा खाण विभाग यांच्यासारख्या ठिकाणी झालेल्या अभ्यासातून ही विद्या आपल्या देशातल्या खडकांना लागू झाली.

लाकडाची कुरकुर ऐकणारा कान आणि गुणपत्रिका लिहिणारी लेखणी यांत विरोध नाही. पाळी सुरू होण्यापूर्वी आजही सळईने छत ठोकून पाहतात. घट्ट दगड टणटणीत वाजतो, सुटलेला पोकळ. हा आवाज ओळखायला शिकवणारे जुने मेट आणि खडकाचे गुण मांडणारे अभियंते, दोघांच्या जिवावर आपली माणसे पाळी संपवून घरी परतली आहेत.

रोळीतले शास्त्र

आपल्या घराघरांत तांदूळ रोळला जात असे. रोळीत पाणी घालून हेलकावा दिला की तांदूळ वर उचलला जातो आणि खडे तळाला राहतात. जिग नावाचे यंत्र हेच करते. जाळीवर मालाचा थर असतो आणि खालून पाण्याचा धक्का वर-खाली येत असतो. प्रत्येक धक्क्याला थर सैल होतो, क्षणभर तरंगतो आणि पुन्हा बसतो. बसताना जड तुकडा आधी खाली जातो. असे मिनिटात अनेक वेळा झाले की तळाशी काळाभोर माल साचतो आणि वरून फिकट दगड वाहून जातो. जिगच्या काठाशी उभे राहून हे नुसते पाहिले तरी चालू यंत्रात रंग वेगळे होताना दिसतात. जी बाई तळहातावर तुकडा तोलत होती, तिचाच निर्णय आता पाणी घेते, आणि तेही सुपारीहून लहान, वाटाण्याएवढ्या तुकड्यांबाबत, जे हाताने कधीच वेचले गेले नसते.

कोणता माल जिगवर निवडता येईल, याचेही गणित आहे. पाण्यात बुडाल्यावर प्रत्येक खनिजाच्या घनतेतून पाण्याचा एक वजा करायचा आणि मग भागाकार करायचा. ब्राउनाइटचे ३.७५ आणि क्वार्ट्झचे १.६५ यांचे गुणोत्तर सव्वादोनच्या वर येते. म्हणजे काम बऱ्यापैकी सोपे. पण गोंडाइटमधल्या गार्नेटची घनताच चारच्या वर. तिथे गुणोत्तर जेमतेम १.२ पर्यंत उतरते, आणि सव्वाच्या खाली गेले की गुरुत्वाच्या जोरावर निवड जवळजवळ अशक्य होते. आपल्या पट्ट्याची ही खरी अडचण आहे. गारगोटी पाण्याने निघते, गार्नेट निघत नाही. गोंडाइटचे नाव जगात गाजले आणि त्याच गोंडाइटने आपल्या प्रक्रिया अभियंत्यांना सर्वांत जास्त झुंजवले.

म्हणून जिगच्या जोडीला इतर मार्ग आले. माल आणखी बारीक दळून खनिजाचे कण मोकळे करायचे आणि तीव्र चुंबकीय क्षेत्रातून न्यायचे. क्वार्ट्झ चुंबकाला जुमानत नाही, मँगनीजची खनिजे क्षीणपणे ओढली जातात. १९८० च्या दशकात आलेल्या दुर्मिळ मृदा धातूंच्या शक्तिशाली चुंबकांनी हे कोरड्या मालावरही शक्य केले, म्हणजे पाणी वाचले. फॉस्फरसचा प्रश्न वेगळाच. तो ॲपेटाइटच्या बारीक कणांत दडलेला असतो आणि पोलादात गेला तर पोलाद ठिसूळ करतो. त्यामुळे नमुन्यात मँगनीज किती एवढेच पाहून चालत नाही. लोह, सिलिका, फॉस्फरस हे सगळे मांडून, वेगवेगळ्या खाणींचा माल मिसळून भट्टीला हवा तो घास तयार करावा लागतो. जास्त सिलिकेचा माल फेरोमँगनीजला चालत नसे. सिलिकोमँगनीज तयार होऊ लागले तसे त्यालाही गिऱ्हाईक मिळाले. पुन्हा रेषा सरकली.

या प्रयोगांना देशातल्या प्रयोगशाळांचा आधार होता. जमशेदपूरची राष्ट्रीय धातुशास्त्र प्रयोगशाळा १९५० मध्ये उघडली आणि हलक्या प्रतीच्या भारतीय मँगनीजवर तिथे सुरुवातीपासून काम झाले. भारतीय खाण ब्युरो १९४८ चा. त्याचे मुख्यालय नागपुरात आहे आणि हिंगण्याला त्याची खनिज प्रक्रिया प्रयोगशाळा व प्रायोगिक संयंत्र आहे. पोत्यात भरून आलेला नमुना आधी काचेच्या भांड्यात, मग छोट्या जिगवर, मग प्रायोगिक संयंत्रात तपासला जातो. तेव्हा कुठे खाणीवर मोठे संयंत्र उभे राहते. बालाघाट आणि डोंगरी बुजुर्ग येथील एकात्मिक संयंत्रांत आज फोडणे, चाळणे, धुणे, जिगिंग हे सगळे एका साखळीत चालते. जुन्या ढिगांतला मालही याच साखळीने पुन्हा हाती लागतो. पणजीने फेकलेला तुकडा पणतू यंत्रावर चढवतो आहे. यात पणजीची चूक काही नव्हती, तिच्या हातात जिग नव्हता.

डोंगरी बुजुर्गचे कुंड

डोंगरी बुजुर्गचा माल वेगळ्या जातीचा. त्यात मँगनीज डायऑक्साइडचे प्रमाण मोठे, म्हणून तो कोरड्या बॅटरीच्या कारखान्यांनी पूर्वीपासून मागितला. त्या खाणीच्या अंगणातच १९९० च्या दशकात देशी तंत्रज्ञानावर उभारलेले विद्युतविश्लेषी मँगनीज डायऑक्साइडचे संयंत्र सुरू झाले. सुरुवातीची क्षमता वर्षाला १,००० टन.

त्याची क्रिया समजून घेण्यासारखी आहे. डायऑक्साइड आम्लात विरघळत नाही, म्हणून तो आधी कोळशाबरोबर भाजून खालच्या ऑक्साइडमध्ये उतरवतात. तो गंधकाम्लात विरघळतो. द्रावणातले लोह आणि इतर जड धातू बसवून गाळून काढतात, कारण बॅटरीला त्यांचा अंशही सोसत नाही. मग नव्वद अंशांहून अधिक तापलेल्या कुंडांत वीज सोडली की धन ध्रुवावर मँगनीज डायऑक्साइडचा काळा, कठीण थर चढतो. तो खरवडून, धुऊन, दळून पोत्यांत भरतात. डायऑक्साइडपासून निघून पुन्हा डायऑक्साइडवरच यायचे, पण मधल्या प्रवासात डोंगराने दिलेला सगळा मळ मागे टाकायचा. खाणीतून विकायला निघणारी वस्तू ढेकळाऐवजी रसायन झाली, हा संस्थेच्या इतिहासातला मोठा टप्पा आहे. बालाघाटला त्याच दशकात फेरोमँगनीजचे संयंत्र उभे राहिले आणि आपण भट्टीपर्यंतही पोहोचलो.

ढिगांवरची झाडे

सगळाच दगड माल होत नाही. जो उरतो त्याचे काय करायचे, या प्रश्नाचे एक उत्तम उत्तर गुमगावला मिळाले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, गुमगावच्या ढिगांवर जैवतंत्रज्ञानाने झाडे वाढवण्याचा प्रयोग केला. खाणीच्या ढिगात माती नसते. नत्र नाही, सेंद्रिय कण नाहीत, पाणी धरून ठेवण्याची ताकद नाही, वर जड धातू. शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यांची मळी ढिगात मिसळली आणि रोपांच्या मुळांशी नत्र स्थिर करणारे जिवाणू व मायकोरायझा बुरशी सोडली. बुरशीचे तंतू मुळांचे हात लांब करतात आणि स्फुरद व पाणी ओढून आणतात. नुसत्या दगडांवर जे रोप एका उन्हाळ्यात करपले असते, ते तगले आणि वाढले. सोडलेल्या ढिगावर सागाची, शिसवाची, कडुनिंबाची सावली पडू शकते हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. ही सगळी विद्या शहराबाहेरून आणावी लागली नाही. एका कारखान्याची टाकाऊ मळी दुसऱ्या उद्योगाच्या टाकाऊ ढिगाला उपयोगी पडली.

आज आणि पुढे

२०२४-२५ मध्ये मॉयलचे मँगनीज उत्पादन १८.०२ लाख टनांवर गेले. स्थापनेपासूनचा तो तोवरचा उच्चांक. आदल्या वर्षीचा १७.५६ लाख टनांचा उच्चांक त्याने मोडला. बालाघाटला सुमारे ७५० मीटर खोलीच्या वेगवान उभ्या शाफ्टचे काम हाती घेण्यात आले. तिथे पोहोचल्यावर खडकाचा भार आजच्याहून कितीतरी वाढलेला असेल, हवा पोहोचवणे अवघड होईल, भरण आणखी विचाराने करावे लागेल. कोळशाच्या आणि सोन्याच्या खोल खाणींनी जे धडे गिरवले ते आपल्याला मँगनीजमध्ये नव्याने गिरवायचे आहेत.

एक बदल मात्र खोलीशी संबंधित नाही आणि तो या लेखकाला फार मोलाचा वाटतो. १९५२ च्या खाण कायद्याने बायांना जमिनीखाली कामाची मनाई होती. २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठी दिवसाच्या वेळात ती वाट मोकळी केली. तळहातावर मालाची पारख करणाऱ्या बायांच्या नाती आता खाण अभियंत्या होऊन कॅप लॅम्प लावून स्टोपमध्ये जाऊ शकतात. त्या जेव्हा छत ठोकून पाहतील आणि गाभ्याच्या कांडीवर मँगनीजची प्रत लिहितील, तेव्हा आपल्या शास्त्राची दोन टोके जुळतील.

शेवटी संयंत्रातल्या एका साध्या वस्तूकडे वाचकांचे लक्ष वेधतो. माल फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यात जाड पोलादी पाट बसवलेले असतात. हे पोलाद १८८२ मध्ये हॅडफील्ड यांनी शोधलेले. त्यात १२ ते १४ टक्के मँगनीज असते आणि घाव बसेल तसा त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. पाट झिजले की ते बदलतात आणि जुने पाट भंगारात जाऊन पुन्हा भट्टीत पडतात. आपल्या डोंगराचा काळा दगड फोडायला मँगनीजच लागते. पुढच्या पाळीला क्रशरचा आवाज ऐकाल तेव्हा एवढे आठवा. त्या जबड्यात येणाऱ्या प्रत्येक तुकड्याला कधीतरी कुणीतरी नुसता दगड म्हटले असेल, आणि कुणाच्या तरी अभ्यासाने, श्रमाने आणि धीराने तो माल झाला आहे.